जुन्या बंदुकीवरचा जीव : मराठवाड्यात ठासणीपासून बाराबोअरपर्यंत

नवीन बंदूक घ्यायची ऐपत असली तरी आजोबांच्या नावावरनं वारसानं आलेल्या दुनळीचंच लायसन्स रिन्यू करत राहायचं, ही गोष्ट आपल्याकडं जालना, परभणी, हिंगोली, बीड कुठल्याही जिल्ह्यात बघायला मिळते. का म्हणून विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, असलं लोखंड आता येत नाही. बाहेरच्या देशात जिथं शिकार अजून कायद्यानं चालते तिथंही शंभर वर्षांपूर्वीच्या रायफली आणि काडतुसांवर जीव असणारी माणसं भरपूर आहेत. याला नुसतं आठवणींचं प्रेम म्हणून सोडून देणं मला पटत नाही. यामागं दोनशे वर्षांचा हिशोब आहे, त्यात बंदुकीची दारू आहे, पोलाद आहे आणि सगळ्यात जास्त तर कायदा आहे.

सुरुवात तोड्याच्या बंदुकीपासून धरू. जळता तोडा म्हणजे पेटती वात, नळीच्या कानात रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, चाप ओढला की तोडा खाली येणार आणि बार उडणार. किल्ल्याच्या बुरुजावर ठीक, पण शिकारीला हिचा त्रासच जास्त, कारण तोड्याचा वास वाऱ्यावर जातो, अंधारात ठिणगी दिसते आणि पावसाचे चार थेंब पडले की खेळ खलास. मग गारेची बंदूक आली, गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडणारी. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी भिडल्या तेव्हा दोन्हीकडं मुख्य हत्यार हेच होतं. आणि २८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघालेला असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, तो काळही गारेच्याच बंदुकीचा. म्हणजे एकदा बार गेला की पुन्हा नळी भरेपर्यंत वाघासमोर नुसतं उभं राहायचं. त्या काळच्या शिकाऱ्याला जवळ जाणं, वारा बघणं आणि पहिलाच बार जागेवर लावणं याशिवाय मार्गच नव्हता, आणि जुन्या बंदुकीवर प्रेम करणारी माणसं आजही ज्या शिस्तीबद्दल बोलतात ती तिथनं आलेली आहे.

नंतर जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेच्या, छावण्या होत्या, त्यामुळं इंग्रजी बंदूक या भागातल्या देशमुख, जहागीरदारांच्या डोळ्यासमोर आली. सहावे निजाम महबूब अली खान तर वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्धच होते, राजा दीनदयाळ यांनी काढलेले त्यांच्या शिकारीचे फोटो आजही बघायला मिळतात. पण साध्या शेतकऱ्याच्या हातात जी टिकली ती टोपीवाली ठासणीची. १८२० नंतर गारगोटी जाऊन तांब्याची टोपी आली, घोडा टोपीवर आपटला की बार, आणि ही रचना इतकी साधी की गावातला लोहार सुद्धा दुरुस्त करू शकतो. पंच्याहत्तर टक्के सोरा, पंधरा टक्के कोळसा, दहा टक्के गंधक अशी काळी दारू मापानं नळीत ओतायची, वर चिंधी नाहीतर काथ्या गजानं ठासायचा, मग छर्रे, परत थोडी चिंधी, शेवटी टोपी. हिला तयार काडतूस लागत नाही, कंपनी बंद पडली म्हणून ही अडत नाही, आणि दारू किती आणि छर्रा कुठला हे भरणाराच ठरवतो. धूर एवढा की बार लागला का नाही हे बघायला बाजूला सरकावं लागतं, ओल लागली की दारू बसते, हे दोष आहेतच. तरी पण हिच्याइतकी स्वावलंबी बंदूक पुन्हा झाली नाही असं मला मनापासून वाटतं.

काडतुसाचं युग आलं ते १८६० च्या दशकात, मागनं भरायची नळी आणि बुडाशी टोपी असलेलं काडतूस. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समध्ये काम करणाऱ्या अँसन आणि डीली यांनी घोडे आत लपवलेली बॉक्सलॉक दुनळी काढली, आणि आजच्या दुनळ्यांमधे सुद्धा बहुतेक तीच यंत्रणा आहे. बारा बोअर म्हणजे नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आपल्या माळरानाला हे माप बरोबर बसलं, कारण एकाच बंदुकीत तितरासाठी सहा नंबर म्हणजे बारीक छर्रे आणि डुकरासाठी एलजी म्हणजे मोठे छर्रे चालतात. इंग्रजांना वाघाच्या जंगलात तितरंही लागायची आणि वाघही, म्हणून १८८५ मध्ये फोसबेरी नावाच्या अधिकाऱ्यानं पॅराडॉक्सचं पेटंट घेतलं, नळी सगळी गुळगुळीत आणि फक्त तोंडाकडच्या काही इंचात आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, म्हणजे छर्राही जातो आणि गोळीही सरळ जाते. हॉलंड अँड हॉलंडनं ती बनवली आणि हिंदुस्थानात ती लई नावाजली.

खरी क्रांती मात्र दारूत झाली. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएईनं बिनधुराची दारू शोधली, १८८९ मध्ये इंग्रजांची कॉर्डाइट आली आणि बारीक गोळी जोरात फेकता यायला लागली. मग रायफलची काडतुसं एकामागनं एक आली, १८९२ चं सात बाय सत्तावन्न माउझर (सात मिलिमीटरची गोळी, सत्तावन्न मिलिमीटरचं टरफल), १८९८ चं रिग्बीचं चारशे पन्नास नायट्रो एक्सप्रेस, १९०६ चं थर्टी नॉट सिक्स, १९१२ चं हॉलंडचं थ्री सेव्हंटी फाइव्ह मॅग्नम. या यादीवरनं नजर फिरवा, सगळी वीस वर्षांत आलेली आहेत आणि सगळी आजही जगात चालू आहेत. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रिग्बीची टू सेव्हंटी फाइव्ह म्हणजे तेच सात बाय सत्तावन्न. आफ्रिकेत कारामोजो बेल नावाच्या शिकाऱ्यानं याच बारीक गोळीनं शेकडो हत्ती पाडले. हत्ती मारणं चांगलं का वाईट तो वेगळा विषय, पण जनावराच्या अंगाची माहिती असेल आणि गोळी जागेवर पडली तर मोठ्या धक्क्याची गरज नाही हे तिथं सिद्ध झालं.

म्हणून मी म्हणतो की शिकारीला जेवढं लागतं तेवढं १९१२ पर्यंत येऊन गेलं होतं. पुढं जे आलं, २००७ चं सहा पॉइंट पाच क्रीडमूर काडतूस वगैरे, ते लांबच्या नेमबाजीसाठी उत्तम आहे यात वाद नाही, पाचशे मीटरवर वाऱ्यात कमी वाहतं, धक्का कमी देतं. पण पूर्वी आपल्याकडं शिकार व्हायची ती बाभळीच्या बनात, नाल्याच्या काठानं, ज्वारीच्या रानातनं, तिथं शंभर पावलांपलीकडं दिसत कुठं होतं? एवढ्या जवळ जास्त वेगाची हलकी गोळी मांस फाडून नासवते, आणि जुनी जड, सावकाश गोळी आरपार जाते. जुन्या काडतुसाची बाजू घेणाऱ्या परदेशी शिकाऱ्यांचं मुख्य म्हणणं हेच आहे, लाकडी दस्त्याची शोभा त्यांच्या लेखी दुय्यम.

आता कायद्याचा भाग, आणि मराठवाड्याच्या बाबतीत मला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो. १८५७ नंतर इंग्रजांना हिंदुस्थानी माणसाच्या हातातल्या बंदुकीची भीती बसली, १८७८ चा आर्म्स ॲक्ट त्यातनंच आला. १९०७ च्या सुमारास त्यांनी चारशे पन्नास बोअरची (इथं बोअर म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागातलं माप) आयातच बंद केली, कारण मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलचं बोअर तेच होतं आणि शिकारीच्या नावानं आलेली गोळी बंडवाल्यांकडं जाईल अशी शंका. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच चारशे पासष्ट, चारशे सत्तर अशी थोड्याशा फरकाची बोअर काढली. थ्री नॉट थ्री फौजेचं म्हणून खाजगी माणसाला बंद, त्यामुळं ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिशरच्या काडतुसावर थ्री फिफ्टीन रायफल इथल्या बाजारासाठी आली आणि स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्यानं तीच पुढं चालू ठेवली. ऑस्ट्रियाचं ते काडतूस १८८० च्या दशकाच्या शेवटचं आहे, आणि आपल्याकडं रायफलचं लायसन्स निघालं की आजही त्याच थ्री फिफ्टीनचं नाव आधी घेतलं जातं. आवडीनं निवडलं असं म्हणावं तर निवडायला दुसरं ठेवलंच नव्हतं, आणि वापरता वापरता विश्वास बसला.

निजामाच्या राज्यात बंदूक ही मुख्यतः जहागीरदार, देशमुखांच्या वाड्यातली गोष्ट. रझाकारांच्या काळात गावंच्या गावं जीव मुठीत धरून होती, आणि ज्या गावात ठासणीच्या दोन-चार बंदुका होत्या तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्या बंदुकांना शिकारीपेक्षा वेगळाच मान होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, पुढं १९५९ चा भारताचा आर्म्स ॲक्ट आला आणि त्यातलं कलम १३ वाचण्यासारखं आहे. पीक राखायला बंदूक पाहिजे असेल तर आधी ठासणीची, आणि ती पुरणार नाही असं लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर मग दुसरी गुळगुळीत नळीची. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात दीडशे वर्षांपूर्वीची रचना ठेवायचं काम खुद्द कायद्यानं केलं.

मग १९७२. हे साल म्हटलं की आपल्याकडं दुष्काळच आठवतो, खडी फोडायला गेलेली माणसं आणि सुकडी आठवते, पण वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा, त्यानं शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं विषयच संपवला. बरंच झालं. काळवीट, चिंकारा, माळढोक यांची काय दशा झाली होती ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात आपल्या या लाडक्या दुनळ्यांचाही हात होता हे जुन्या बंदुकीवर प्रेम करणाऱ्यानं स्पष्ट बोललं पाहिजे. आज रोही आणि रानडुकरं पीक उधळतात तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही.

पण त्याचा परिणाम असा झाला की बंदूक आहे त्या सालात थांबली. शिकारच नाही तर नवीन घेणार कशाला. त्यात १९८० च्या दशकात खाजगी माणसासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली, त्यामुळं आधी आलेल्या वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर या इंग्रजी बंदुकांची किंमत आणि इज्जत दोन्ही वाढली. मोठ्या रायफलींचं मात्र वाईट झालं, किनॉक कंपनीनं नायट्रो एक्सप्रेसची काडतुसं बनवणं थांबवलं आणि कितीतरी चारशे सत्तर, चारशे पासष्ट नुसत्या खंडेनवमीला पूजेपुरत्या उरल्या. बाराबोअर वाचली ती खडकीच्या कारखान्यामुळं, शक्तिमान काडतूस मिळत राहिलं म्हणून. आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, मग ज्यांच्याकडं तीन होत्या त्यांनी काय सोडलं असेल, बहुतेकदा ज्याचं काडतूस मिळत नाही तेच. अशी एखादी जुनी चीज जमा होऊन गंजत पडते याचं मला फार वाईट वाटतं, तिला संग्रहालयात जागा मिळायला पाहिजे.

जुनी बंदूक घरात असेल तर दोन गोष्टी मात्र नक्की तपासा. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून जोडलेली, काळ्या दारूच्या काळातली. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असं नाही, आतनं गंज धरलेली असेल तर अजिबातच नाही. दुसरं चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं तो भाग. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, म्हणून माणूस फसतो. काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं तोवर ते आखूड असतं, बार उडताना ते उघडतं, पुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि दाब एकदम वाढतो. काडतुसाच्या डब्यावर लांबी छापलेली असते, नळीच्या बुडाशी प्रूफचे म्हणजे दाबाच्या चाचणीचे शिक्के असतात, बऱ्याच नळ्यांवर चेंबरची लांबी पण कोरलेली असते. नसेल तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडून गेज लावून मोजून घ्या, आणि त्यानं दमास्कस नळीला नाही म्हटलं तर त्या नळीतनं पुन्हा बार काढू नका.