‘आजचा दिवस गेलाच’ असं वाटेल तेव्हा

वजन कमी करण्यासाठी आमच्याकडे नाव नोंदवलेल्यांसाठी

पहिल्या भेटीत आम्ही सगळ्यांना एक प्रश्न विचारतो: मागचा प्रयत्न कुठे थांबला? आहार जमला नाही, व्यायामाला वेळ मिळाला नाही, अशी उत्तरं आधी येतात. जरा खोदून विचारलं की बहुतेकांना एक ठरावीक दिवस आठवतो. कुणाच्या तरी समारंभात जेवण जास्त झालं, ऑफिसात कुणाचा वाढदिवस होता, प्रवासात मिळेल ते खाल्लं. “आणि मग राहिलंच.” हे ‘आणि मग’ म्हणजे नेमकं काय, एवढ्याचसाठी हे पत्रक आहे. आहाराचा तक्ता तुम्हाला वेगळा मिळेल.

गेलंच आहे तर…

१९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना आधी एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, तर काहींना काहीच दिलं नाही. मग चव सांगण्याच्या निमित्ताने सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. एरवी खाण्याचा फारसा विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, सरळ हिशेब. एरवी मोजूनमापून खाणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक पोटात गेल्यावर उलट जास्त खाल्लं. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गंमत दिसली. आधीच्या पदार्थात कॅलरी खरोखर किती होत्या यापेक्षा किती असतील असं खाणाऱ्याला वाटलं, त्यावर पुढचं खाणं जास्त अवलंबून होतं.

म्हणजे घात मिल्कशेकने केला नाही, ‘नियम मोडला’ या जाणिवेने केला. नियम मोडलाच आहे तर आजचा दिवस गेला, आणि आजचा गेलाच आहे तर आता सोमवारपासून बघू. हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आमच्याकडे सोमवार हा शब्द आला की सगळे हसतात.

त्याचा हिशेब एकदा मांडून बघा. समजा, तुम्ही रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाताय. गुरुवारी घसरलात आणि ६०० जास्त झाल्या. शुक्रवारपासून पुन्हा नेहमीसारखं खाल्लंत, तर आठवड्याचे सहा दिवस ३००० ची बचत, त्यातून ६०० वजा. २४०० अजूनही तुमच्या बाजूने. तेच गुरुवारी ‘सोमवारपासून’ म्हटलंत आणि रविवारपर्यंत रोज ६०० जास्त खाल्लंत, तर सुरुवातीच्या तीन दिवसांची बचत १५०० आणि पुढच्या चार दिवसांचा खर्च २४००. अख्खा आठवडा ९०० ने तोट्यात. जेवण तेच, गुरुवारही तोच.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. गुरुवारच्या त्या ६०० कॅलरींची चरबी शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. मग शुक्रवारी सकाळी काटा एक किलो जास्त का दाखवतो? ते बहुतांशी पाणी असतं. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. शिवाय पिष्टमय पदार्थांमधून साठणारा ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी सोबत बाळगतो. दोन-चार दिवसांत ते उतरतं. जास्त जेवणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहून निराश होण्यात काही अर्थ नाही. त्या दिवशी काट्याकडे फिरकला नाहीत तरी आमची हरकत नाही.

स्वतःवर ओरडून काय मिळतं?

‘मी स्वतःला झापलं नाही तर सुटेनच की,’ असं पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटतं. २००७ साली अॅडम्स आणि लिअरी यांनी हेच तपासलं. स्त्रियांना आधी एक डोनट खायला दिला. त्यातल्या काहीजणींशी संशोधक सहज बोलले: असं सगळेच खातात, मनाला फार लावून घेऊ नका. नंतर गोळ्या-चॉकलेटं समोर आली, तेव्हा एरवी खाण्यावर बंधन ठेवणाऱ्यांपैकी ज्यांनी हे दोन शब्द ऐकले होते त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कुणी काही बोललं नव्हतं, त्यांनी जास्त.

आम्हीही यात चुकलो आहोत, तेही सांगून टाकतो. आमच्या जुन्या नोंदवहीत ‘चुकलेला दिवस’ असा एक रकाना होता आणि त्यात लाल फुली करायची होती. दोन-तीन लाल फुल्या पडल्या की लोक नोंदवही ‘विसरून’ यायचे. नंतर स्वतःच यायचे बंद व्हायचे. रकाना आम्ही काढून टाकला.

स्वप्नं रंगवण्याबद्दल

‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. आम्ही तो जपून देतो. एटिंगन आणि वॅडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमातल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला हे जमेल’ अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन वर्षाअखेर जास्त उतरलं होतं. पण बारीक झाल्यावर कशी दिसेन, मोहाच्या पदार्थाकडे कशी सहज पाठ फिरवेन, अशी गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. जमेल असं वाटणं आणि सोपं जाईल असं वाटणं यांत फरक आहे. ज्याला सोपं जाईल असं वाटतं, तो पहिल्याच अडचणीला गारद होतो. आरंभशूर म्हणतो ते हेच.

म्हणून अडचणीची आधीच सोय करा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलेली साधी पद्धत आम्ही वापरतो: ‘अमुक झालं, तर मी तमुक करीन’ असं वाक्य आधी लिहून ठेवायचं. ‘चालायला जाईन’ हे वाक्य फार ढिलं. ‘घरी पोचल्यावर बूट काढण्याआधी दहा मिनिटं चालून येईन’ हे बरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य घसरण्याच्या दिवसासाठी लिहायचं. आमचं ठरलेलं असं: ‘जास्त खाल्लं, तर पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं.’ उपास करायचा नाही, एक जेवण गाळायचं नाही, दुप्पट व्यायामाची शिक्षाही नाही. भरपाई करायला गेलं की रात्री पुन्हा भूक उसळते आणि गाडं तिथेच अडकतं.

शेंडी तुटो की पारंबी अशा आवेशाने येणाऱ्यांना आम्ही एक जुना प्रयोग सांगतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १६०० कॅलरींवर. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. ही सगळी स्वेच्छेने आलेली, निश्चयाची माणसं. तरी दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसे. पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, चिडचिड करत, काहींनी चोरून खाल्लं. बंधन उठल्यावर कितीतरी जण खातच सुटले. उपाशी शरीर असंच वागतं. स्वभाव चांगला की वाईट, याच्याशी त्याचा संबंध नाही.

किती दिवस, किती किलो

एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला कमी ते जास्त दिवस अशा रांगेत मधोमध येणाऱ्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आमच्या दृष्टीने त्या अभ्यासातली सर्वात कामाची गोष्ट हीच.

किलोंबद्दल थोडक्यात. पुष्कळांना विशीतलं वजन परत हवं असतं. तब्येतीला तेवढ्याची गरज नसते. अमेरिकेत मधुमेहाचा धोका असलेल्या ३२३४ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत आहार-व्यायामाच्या गटापुढे ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं लक्ष्य होतं. २००२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, नुसता सर्वसाधारण सल्ला आणि औषध म्हणून निष्क्रिय गोळी मिळालेल्यांच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ९० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सहा किलोंच्या थोडं वर.

मनाच्या हातात नसलेलं

सगळं मनावर ढकलणं हा अन्याय होईल. थायरॉइड मंदावलेला असणं, स्टेरॉइडसारखी काही औषधं, अपुरी झोप, घराण्यातून आलेली शरीरयष्टी, या सगळ्यांचा वजनाशी संबंध आहे. कारण कळत नसताना वजन झपाट्याने वाढलं किंवा उतरलं तर आमच्याआधी डॉक्टरांकडे जा. चालू औषध मनाने बंद करू नका.

आणखी एक. आठवड्यातून एकदा तरी, तीन-तीन महिने, थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, थांबवताच येत नाही आणि नंतर स्वतःची किळस येते, असं होत असेल तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. तसं असेल तर सांगा, आम्ही तक्ता बाजूला ठेवू आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू. तशा अवस्थेत आणखी कडक आहार देणं म्हणजे आगीत तेल.

पत्रकासोबत नवी नोंदवही दिली आहे. लाल फुलीच्या रकान्याच्या जागी आता एकच प्रश्न आहे: ‘त्यानंतरचं जेवण कधी घेतलं?’ वेळ लिहिली की झालं. पुढच्या भेटीला येताना वही आणा, मधली पानं कोरी राहिली असली तरी आणा.