अग्रत्वचा

शिश्नमुंडावरची त्वचेची दुहेरी घडी. बोलीत ‘पुढची कातडी’. बाहेरचा पदर शिश्नाच्या इतर त्वचेसारखा, तर आतला मऊ, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूच्या जवळ जाणारा असतो. मुंडाच्या खालच्या अंगाला तिला धरून ठेवणारा नाजूक पट्टा म्हणजे फ्रेनुलम. शिश्न ताठ झाल्यावर घडी बहुधा मागे सरकते. काहींच्या बाबतीत ती अर्धीच सरकते, तेही प्राकृतच होय.

गर्भावस्थेत ही घडी तयार होते तेव्हा तिचा आतला थर आणि मुंड एकमेकांना चिकटलेले असतात, आणि जन्मानंतरही बराच काळ तसेच राहतात. ती केव्हा सुटी होते यावर दोन पाहण्यांचा आधार घेतला जातो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार नवजातांपैकी सुमारे ४ टक्के मुलांचीच त्वचा मागे जाते, पण तिसऱ्या वर्षापर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर पोहोचते. डेन्मार्कमधील याकोब ऑस्टर यांना १९६८ मध्ये शाळकरी मुलांत वेगळे चित्र दिसले : सहा-सात वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत चिकटलेपण शिल्लक होते आणि सोळा-सतराव्या वर्षी ते सुमारे ३ टक्क्यांवर आले. ऑस्टर यांनी मुले वाढताना पाहिली. त्यामुळे दुसरी पाहणी अधिक ग्राह्य वाटते. लहान मुलाची त्वचा आंघोळीच्या वेळी रोज जोर लावून मागे ओढण्याची घरगुती पद्धत या माहितीशी जुळत नाही. ओढल्याने बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो आणि खरा संकोच (त्वचेचे तोंड आवळून ती मागे न जाणे) त्यातूनच उद्भवू शकतो.

आयुर्वेदीय ग्रंथांतील उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये या त्वचेचे तीन विकार येतात : अवपाटिका (त्वचा फाटणे), परिवर्तिका (मागे गेलेली त्वचा मुंडाखाली गाठीसारखी अडकणे) व निरुद्धप्रकश. संहितेचा काळ विवाद्य आहे. प्राच्यविद्यापंडित हर्नले यांनी तो इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेला. आजचे बहुतेक अभ्यासक मात्र उपलब्ध पाठ अनेक शतकांच्या संस्करणांतून, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत घडला असे मानतात. काठमांडूतील ताडपत्री हस्तलिखित इ. स. ८७८ चे आहे.

निरुद्धप्रकश म्हणजे नेमके काय, याविषयी एकमत नाही. त्वचा ‘मण्या’ला (शिश्नमुंडाला) चिकटून मूत्रमार्ग अडवते, धार मंद पण वेदनारहित असते आणि मणी उघडा पडत नाही, हे वर्णन अग्रत्वचेच्या संकोचाचे (फायमोसिस) दिसते. उपचार मात्र लोखंड, लाकूड वा लाखेच्या, दोन्ही टोकांना उघड्या आणि तुपाने माखलेल्या नळीचा. दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घालून मार्ग रुंदावायचा. यावरून काहींनी तो मूत्रमार्गसंकोच मानला आहे. निदानाच्या श्लोकात दोष त्वचेकडे दिला असल्याने पहिला अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही ‘निरुद्धमणी’ याच अर्थाने घेतला असावा. नळीने गुण न आल्यास सेवनी (खालच्या अंगाची मध्यरेषेवरील शिवण) टाळून शस्त्राने छेद घ्यावा, असे तो सांगतो. परिवर्तिकेत तूप लावून मणी हलकेच दाबावा आणि त्वचा पुढे आणावी, ही कृती आजच्या आपत्कालीन कक्षातल्या कृतीहून फारशी वेगळी नाही.

संवेदना : आतला पदर, त्याची कडा आणि फ्रेनुलम हे स्पर्शाला विशेष संवेदनशील भाग आहेत. पुष्कळ पुरुषांना सुख मुंडापेक्षा फ्रेनुलमजवळ अधिक जाणवते. अग्रत्वचेत २०,००० मज्जातंतुअग्रे असतात हा सर्वत्र उद्धृत होणारा आकडा बॅझेट व सहकाऱ्यांच्या १९३२ मधील लहानशा नमुन्याचा गुणाकार असून तो जपूनच वापरावा. सुंतेमुळे सुख घटते की नाही यावर मतभेद आहेत. केनिया व युगांडातील मोठ्या चाचण्यांत प्रौढपणी सुंता केलेल्यांच्या समाधानात लक्षणीय घट आढळली नाही. स्पर्शमापनाच्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

सुंता : यहुदी धर्मात आठव्या दिवशी, मुस्लिम समाजांत निरनिराळ्या वयांत. कोकणातील बेने इस्राएल (‘शनवार तेली’) समाजाने हा विधी शब्बाथबरोबर (शनिवारच्या विश्रांतीबरोबर) टिकवला. त्यांना धर्मशिक्षण देणारे डेव्हिड रहाबी परंपरेनुसार सुमारे इ. स. १००० चे, काही संशोधक त्यांना अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात आणि हे मत अधिक संभाव्य दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये, एचआयव्हीचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या आफ्रिकी प्रदेशांसाठी, प्रौढांच्या सुंतेची शिफारस केली. तेथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाकडे होणारा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला होता. निरोधची गरज त्याने संपत नाही.

निगा व विकार : त्वचा सहज मागे जात असल्यास आंघोळीत मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि पुन्हा पुढे आणावी. आत साचणारा पांढरा थर (स्मेग्मा) हा स्राव व झडलेल्या पेशींचा असतो. तो कर्करोगकारक असल्याचे जुने मत आता मागे पडले आहे, पण दीर्घकाळचा संकोच शिश्नाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. उग्र साबण वा जंतुनाशक द्रवाने जळजळ वाढते. प्रौढाला वारंवार सूज, खाज वा चिरा येत असतील तर रक्तशर्करा तपासावी. मधुमेहाचे निदान कधीकधी येथूनच होते. संकोचावर प्रथम स्टेरॉइड मलम काही आठवडे देतात. पांढरट, कडक व्रण असल्यास शस्त्रक्रिया. संभोगात फ्रेनुलम फाटल्यास रक्त बरेच जाते, परंतु थोडा वेळ दाबून धरल्यावर ते सहसा थांबते; जखम भरेपर्यंत संभोग टाळावा. मागे गेलेली त्वचा पुढे येत नसेल व मुंड सुजत असेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, रुग्णालयात जाणे आवश्यक असते.