ओबोल : गालात मावणारी चिल्लर

सिनेमातला प्राचीन ग्रीक खानावळीच्या मेजावर सोन्याच्या नाण्यांची थैली आपटतो. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये त्याला मोड द्यायला अर्धा बाजार गोळा करावा लागला असता. तिथला रोजचा व्यवहार चाले चांदीच्या चिल्लरीवर. सहा ओबोलांचा एक द्राख्मा आणि ओबोलचे वजन जेमतेम 0.72 ग्रॅम. पाव ओबोलचेही नाणे होते, मसुरीच्या दाण्याहून फारसे मोठे नाही. बाजारात लोक ही नाणी गालात धरत. ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. 422 मधल्या प्रहसनात एक म्हातारा ज्युरर रडगाणे गातो: साथीदाराने मासळीबाजारात द्राख्मा मोडला आणि ओबोल म्हणून माझ्या हातावर तीन खवले टेकवले, तोंडात टाकले तर वास! (चांदीने जंतू मरतात म्हणून ग्रीक नाणी तोंडात ठेवत, असा शोध कृपया कोणी लावू नये. जंतू माहीत व्हायला अजून दोन हजार वर्षे होती.)

पाऊण ग्रॅमचे नाणे कोळीण दर वेळी तोलत बसणार नाही. त्यामुळे चांदीचा कस भट्टीतच पक्का व्हावा लागे.

अथेन्सची चांदी लॉरियनच्या खाणींतली, शिशाच्या खनिजात मिसळलेली. खनिज भाजून वितळवले की शिसे मिळते आणि चांदी त्यातच विरघळलेली राहते. मग हे शिसे सच्छिद्र तळाच्या भट्टीत तापवून वरून भात्याची हवा सोडायची. शिसे ऑक्सिजनशी संयोग पावते, चांदी त्या तापमानाला पावत नाही. तयार झालेले मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, 888 अंश सेल्सियसला वितळते. ते भट्टीच्या तळाला ओले करते म्हणून त्यात जिरते, उरलेले वरून काढून घेतात. द्रवरूप चांदीचा पृष्ठताण मात्र इतका जबर, की ती तळाला चिकटत नाही, गोळा होऊन बसते. तांब्यासारख्या अशुद्धीही बऱ्याचशा ऑक्साइडबरोबर निघून जातात. शेवटचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटला की गोळा लख्खकन चमकतो. तीच काम संपल्याची खूण! मोजमापाचे कुठलेही उपकरण नसताना अथेन्सची चांदी 95 टक्क्यांच्या वर शुद्ध निघे. शिशाचा धूर मात्र खाणीवरच्या गुलामांच्या छातीत जाई.

तरीही खोटी नाणी यायचीच. इ.स.पू. 375च्या कायद्याने बाजारात नाणी पारखायला एक सरकारी गुलाम बसवला. आत तांबे किंवा शिसे निघाले, की तो नाणे तिथल्या तिथे कापून टाकी. पुढे त्याच शतकात लहान नाणी काशाची पाडू लागले आणि चांदीची चिल्लर मागे पडली.