हृद्‌रोहिणी स्टेंट

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचा (धमनीचा) चिंचोळा झालेला भाग रुंद केल्यावर तो पुन्हा मिटू नये, म्हणून तेथे कायमची बसवली जाणारी धातूची जाळीदार नळी म्हणजे स्टेंट. सांगली-मिरजेकडे बोलण्यात तिला ‘स्प्रिंग’ म्हणतात. मात्र ती स्प्रिंगसारखी आपोआप उघडत नाही, फुग्याने ताणलेल्या आकारात टिकून राहते.

मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, हृदयापर्यंत नेऊन, आयोडीनयुक्त द्रव सोडून क्ष-किरणांखाली अडथळा पाहतात. केसासारखी बारीक तार त्याच्या पलीकडे सरकवतात आणि तिच्यावरून, मिटलेल्या फुग्यावर घट्ट आवळलेला स्टेंट जागेवर नेतात. दाबमापकाचा काटा दहा-बारा वातावरण दाबापर्यंत चढवून फुगा काही सेकंद फुगवतात. रुग्ण जागा असतो आणि तेवढा वेळ त्याच्या छातीत दुखूही शकते. फुगा मिटवून काढून घेतला की जाळी भिंतीत रुतून राहते.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे नुसत्या फुग्याने रोहिणी उघडली, पण अशा रोहिण्या बऱ्याचदा काही महिन्यांत पुन्हा आक्रसत. १९८६ मध्ये झाक प्युएल आणि उलरिच सिगवार्ट यांनी माणसात स्टेंट बसवले. जाळीच्या आत पेशी वाढून पुन्हा अडथळा होई, त्यावर उपाय म्हणून सिरोलिमससारखे औषध हळूहळू सोडणारे स्टेंट आले; आज मुख्यतः तेच वापरतात.

हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात पूर्ण बंद झालेली रोहिणी लवकर उघडल्यास स्टेंट जीव वाचवतो. मिरज हे १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी स्थापलेल्या रुग्णालयापासून वैद्यकीय केंद्र म्हणून ओळखले जाते. पण तिथून दूर असलेल्या जत, आटपाडीकडच्या रुग्णाला दोन तासांत अँजिओप्लास्टी (फुग्याने रोहिणी उघडण्याचा उपचार) मिळण्याजोगी नसेल, तर आधी जवळच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मग पुढे पाठवणे हिताचे ठरते. चालताना छातीत दुखणाऱ्या, पण स्थिर असलेल्या रुग्णांत मात्र स्टेंटने मुख्यतः वेदना कमी होतात; औषधांच्या तुलनेत आयुष्य वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. ‘नव्वद टक्के ब्लॉकेज’ हा आकडा ऐकून घाबरलेल्या नातेवाइकांना हे क्वचितच नीट सांगितले जाते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधी स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली.

जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी साधारण सहा महिने, झटक्यानंतर बहुधा वर्षभर देतात. त्या मध्येच सोडल्यास स्टेंट अचानक बंद पडू शकतो. दाढ काढायची असली, तरी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या थांबवत नाहीत.