पार्श्वभूमी : सिडनीची पहिली रेल्वे कंपनी आणि साडेसहा इंचांचा घोळ

मुंबई–ठाणे गाडीची तारीख, 16 एप्रिल 1853, आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. ती गाडी काढणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनी 1849 सालची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत कायदा होऊन सिडनी रेल्वे कंपनी उभी राहिली. जीआयपीचं पुढे काय झालं ते आपण रोज लोकलमध्ये उभं राहून अनुभवतोच. सिडनीच्या कंपनीला मात्र स्वतःची एकही गाडी सोडता आली नाही.

कल्पना चुकीची नव्हती. वसाहतीचा पैसा लोकरीत होता आणि लोकर यायची गोलबर्न, बाथर्स्टकडच्या आतल्या मुलखातून, बैलगाड्यांवर लादून. पाऊस पडला की रस्त्याचा राडा व्हायचा. म्हणून आधी सिडनीहून पॅरामॅटा गावापर्यंत 22 किलोमीटर रूळ टाकायचे आणि मग आत सरकायचं, असा बेत होता. चार्ल्स काउपर अध्यक्ष झाले.

घोडं अडलं पैशावर. जीआयपीला ईस्ट इंडिया कंपनीने 5 टक्के परताव्याची हमी दिली होती आणि तिचे भागधारक मुख्यतः विलायतेत होते. सिडनीत भागधारक शोधायचे ते गावातल्या गावात. 1851 मध्ये अख्ख्या वसाहतीची लोकसंख्या दोन लाखसुद्धा नव्हती. अशा ठिकाणी विलायती नमुन्याची खासगी रेल्वे म्हणजे हौसच जास्त.

3 जुलै 1850 रोजी क्लीव्हलँड पॅडॉक्स नावाच्या माळावर गव्हर्नर फिट्झरॉय यांच्या कन्येच्या हस्ते, पावसातच, पहिली कुदळ पडली. वर्ष सरायच्या आत मुख्य अभियंता शील्ड्स निघून गेला; खर्च आवरायला कंपनीने त्याच्या पगारालाच कात्री लावली होती. 1851 मध्ये बाथर्स्टजवळ सोनं सापडलं आणि मजूर फावडी घेऊन तिकडे पळाले. मागे राहिले त्यांनी मजुरी वाढवून मागितली. शेवटी इंग्लंडहून जहाजाने मजूर आणावे लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातली गत. सरकारी पैशावर कंपनी कशीबशी तग धरून राहिली आणि 1855 मध्ये सरकारने ती विकतच घेतली. त्यानंतर काही आठवड्यांतच, 26 सप्टेंबरला, पहिली गाडी सुटली. तीही थेट पॅरामॅटा गावात जात नव्हती, अलीकडे आजच्या ग्रॅनव्हिलजवळ थांबायची. तोवर मेलबर्नची गाडी वर्षभर आधीच सुरू झाली होती.

पण कंपनीचं खरं देणं वेगळंच आहे. लंडनचा सल्ला 4 फूट साडेआठ इंच गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर ठेवण्याचा होता. शील्ड्स आयरिश, त्याने आयर्लंडचं 5 फूट 3 इंची गेज कंपनीच्या गळी उतरवलं. तो गेला तरी त्याचं गेज राहिलं आणि 1852 मध्ये त्याचा कायदाही झाला. शेजारच्या व्हिक्टोरियाने (मेलबर्न याच वसाहतीत) आणि साउथ ऑस्ट्रेलियाने तेच धरलं. मग शील्ड्सच्या जागी आलेल्या जेम्स वॉलेस या स्कॉटिश अभियंत्याने कंपनीला पुन्हा अरुंद गेजकडे वळवलं. 1853 मध्ये न्यू साउथ वेल्सने कायदा फिरवला. व्हिक्टोरियातल्या कंपन्यांनी तोवर रुंद गेजच्या सामानाची ऑर्डर देऊन टाकली होती. त्यांनी माघार घेतली नाही. त्या वेळी दोन्हीकडचे रूळ एकमेकांपासून शेकडो मैल दूर होते, त्यामुळे साडेसहा इंचांचं कुणाला फार वाटलंही नसावं.

1883 मध्ये सरहद्दीवरच्या ऑल्बरीला हे रूळ समोरासमोर आले. सिडनीची गाडी फलाटाच्या एका बाजूला, मेलबर्नची दुसऱ्या बाजूला. थेट गाडी नाही, म्हणून प्रवाशांनी सामान उचलायचं आणि फलाट ओलांडून पलीकडच्या गाडीत बसायचं. सिडनी–मेलबर्न एकाच गेजचा मार्ग झाला तो 1962 मध्ये.