‘थोडी घेतली तर हार्टला चांगली’ आणि जनुकांची सोडत

महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मिळणाऱ्या या परवान्यात दारू कशासाठी हवी, तर आरोग्य राखण्यासाठी, असं कारण असतं. परमिट रूममध्ये बसलेल्यांपैकी किती जण तो खिशात बाळगतात हा प्रश्न वेगळा. पण ‘थोडी घेतली तर हार्टला चांगली असते’ हे त्यातल्या अनेकांना मनापासून पटलेलं असतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमानं फ्रेंचांच्या धडधाकट हृदयाचं श्रेय रेड वाइनला दिलं आणि या समजुतीला जगभर पाय फुटले.

पाहण्यांमध्ये तसं दिसायचंही. बेतानं पिणाऱ्यांना अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी. पण न पिणाऱ्यांत कोण कोण आलं? बीपी, शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी दटावून बंद करायला लावलेलेही आलेच. शिवाय बेतानं पिणारा बहुधा बऱ्या पगाराचा असतो, बेतानं जेवतो आणि तपासण्या वेळेवर करतो. मग गुण पेगचा की पगाराचा?

याचा निवाडा करायला एक बिघडलेलं एन्झाइम कामी आलं.

शरीर दारू दोन टप्प्यांत मोडतं. आधी अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी. मग एएलडीएच-२ नावाचं दुसरं एन्झाइम त्याचं ॲसिटेट करून टाकतं, ते निरुपद्रवी. या दुसऱ्या एन्झाइमचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका जागी डीएनएच्या ‘जी’ या अक्षराऐवजी ‘ए’ आलं, की सुमारे ५०० अमिनो आम्लांच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामेट जाऊन लायसिन बसतं आणि ती साखळी जवळपास निकामी होते.

खरी गंमत पुढेच आहे. हे एन्झाइम चार साखळ्या जुळून बनतं. समजा आईकडून चांगलं आणि वडिलांकडून बिघडलेलं जनुक आलं. निम्म्या साखळ्या चांगल्या, म्हणजे काम निम्म्यावर यायला हवं. तसं होत नाही. साखळ्या वाटेल तशा जुळतात, त्यामुळे चारही चांगल्या असण्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ × १/२, म्हणजे फक्त १/१६. उरलेल्या १५ चौकड्यांत निदान एक बिघडलेली असतेच, आणि ती शेजारच्या चांगल्या साखळ्यांचं कामही बिघडवते. त्यामुळे एकच जनुक बिघडलं तरी एन्झाइमची ताकद निम्म्याच्या बरीच खाली जाते.

अशा माणसानं दोन घोट घेतले की ॲसिटाल्डिहाइड साचतं, हिस्टामीन सुटतं, रक्तवाहिन्या रुंदावतात. चेहरा लालबुंद होतो, रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला हृदय धडधडू लागतं. जगात सुमारे ५४ कोटी लोकांत हा बदल आहे, बहुतेक पूर्व आशियात. आपल्याकडे तो दुर्मीळ. म्हणून ‘तुमच्या जनुकांना दारू मानवते का’ हे सांगणाऱ्या महागड्या किटवर मुंबईकरानं पैसे घालवू नयेत. व्यसनमुक्तीसाठी देतात ती डायसल्फिराम गोळी हेच एन्झाइम बंद पाडते. ‘न सांगता दारू सोडवा’ असल्या लोकलमधल्या चिकटपट्ट्या वाचून कुणाच्या भाजीत असलं काही कालवणाऱ्यांनी, अचानक कोसळणारा रक्तदाब जीव घेऊ शकतो, हे ध्यानात ठेवावं.

आता निवाड्याकडे. कुणाला कोणतं जनुक मिळेल हे गर्भधारणेच्या वेळी म्हाडाच्या सोडतीसारखं ठरतं. तिथे पगार, स्वभाव, आजारपण काही चालत नाही. ज्याला बिघडलेलं जनुक लागलं तो त्रासामुळे कमी पितो. चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासातून २०१९ मध्ये निष्कर्ष आले. नुसतं विचारून केलेल्या हिशेबात आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल घेणारे सर्वात सुरक्षित दिसले. आपल्याकडची तीस मिलीची व्हिस्की म्हणजे साधारण १० ग्रॅम. जनुकांवरून गट पाडल्यावर मात्र तो फायदा नाहीसा झाला. जनुकामुळे पिणं जितकं जास्त, तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त.

शंका येईल की दारू बाजूलाच, जनुकच थेट रक्तदाब बदलत असेल. त्याचं उत्तर याच चिनी अभ्यासातल्या बायकांनी दिलं. त्यांच्यातही तीच जनुकं, पण त्या जवळपास पीत नाहीत. आणि त्यांच्या रक्तदाबात या जनुकांनी फारसा फरक पडला नाही. मला हा पुरावा सगळ्यात देखणा वाटतो.

‘पण प्यायलं की बीपी उतरतं’ हेही खोटं नाही. बऱ्यापैकी प्यायल्यावर पहिले बारा तास रक्तदाब खाली असतो, तेरा तासांनंतर चढतो. रात्री मोजणाऱ्याला आनंद होतो, दुसऱ्या दिवशी मोजणाऱ्याला नाही.

हार्ट अटॅकबाबत चिनी आकड्यांत ना स्पष्ट तोटा दिसला, ना फायदा. युरोपीय वंशाच्या सुमारे २.६ लाख लोकांवरचा २०१४चा अभ्यास पहिल्या टप्प्याच्या एन्झाइमवर होता. तिथे जनुकामुळे कमी पिणाऱ्यांचा रक्तदाब कमी निघाला, हृदयविकारही कमी, आणि हा फरक बेतानं पिणाऱ्यांतही होता.