अनुदान आलं म्हणजे नक्की काय आलं?

आमच्या वाडीत कुणाच्याही मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला की एकच वाक्य ऐकू येतं, "अनुदान आलं." निराधार योजनेचे पैसे आले तरी अनुदान, गॅसचे आले तरी अनुदान, कलमांचे आणि डिझेलचे आले तरी अनुदानच. मे महिन्यात चाकरमानी ओटीवर बसून "गावात आता कामाला माणूस मिळत नाही, सगळे अनुदानावर बसून खातात" असं सुनावतात, तेव्हा त्यातलं अनुदान कुठलं हे त्यांनाही ठाऊक नसतं. मी तालुक्याच्या बाजारात लोकांचे फॉर्म भरून देते. या एका शब्दाने जेवढा घोळ घातलाय तेवढा ओटीपीनेसुद्धा घातलेला नाही.

या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात, रोख मदत आणि परतावा. पासबुकात दोन्ही जमेच्याच बाजूला दिसतात आणि तिथेच फसायला होतं.

रोख मदत तुम्हाला माहीत आहे, तिच्यावर फार शाई घालवत नाही. लाडकी बहीणचे महिन्याला १५००, निराधारचे १५००, पीएम किसानचे दर चार महिन्यांनी २००० आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच. पात्र ठरलात की पैसे येतात आणि ते कशावर उडवले हे कुणी विचारत नाही. विचारूही नये, असं माझं ठाम मत. "दारूत जातात हो सगळे" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या पाठबळावर काही गावांत हे करून पाहिलं होतं. मोठ्या माणसाला महिन्याला २०० आणि मुलामागे १०० रुपये, कुठलीही अट नाही. पुढे ते ३०० आणि १५० केले. पैसे गेले खाण्यापिण्याकडे, मुलांच्या शाळेकडे, शेळ्या-कोंबड्यांकडे, देणी फेडण्याकडे. दारू वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा तो विषय इथेच मिटवू.

आणखी एक किरकोळ गोंधळ. डीबीटी ही कुठली योजना नव्हे. जानेवारी २०१३ पासून सरकारी पैसे थेट खात्यात टाकायचा जो रस्ता झाला त्याचं ते नाव. त्या रस्त्यावरून रोख मदत येते, परतावा येतो आणि रोजगार हमीची मजुरीही येते. मजुरीला अनुदान म्हणणाऱ्यांनी एकदा ज्येष्ठात खड्डे खणून पाहावेत.

आता परतावा. परतावा म्हणजे आधी तुम्ही खिशातून घाला, मग सरकार तुम्हाला देईल. वाक्य छोटं आहे, पण "आधी" या शब्दाशीच गरीब घर अडतं.

गॅसचंच घ्या. २०२४ साली राज्याने अन्नपूर्णा योजना आणली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. उज्ज्वलाच्या ग्राहकाला केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० मिळून ८३० रुपये खात्यात येणार, म्हणजे तेव्हाची जवळपास अख्खी किंमत. कागदावर हिशेब चोख आहे. पण गाडी दारात आली की सिलिंडरची पूर्ण किंमत मोजायची, पैसे नंतर. वाण्याच्या वहीत आधीच उधारी, लावणीच्या मजुरांचे पैसे द्यायचे आहेत, अशा आषाढात एवढे रुपये एकरकमी काढायचे कुठून? म्हणून सिलिंडर कोपऱ्यात रिकामा उभा आणि चुलीत ओली लाकडं धुमसताहेत. आणि शहरातला पाहुणा म्हणतो, फुकट देऊनही यांना चूलच आवडते!

कलमांचं तेच. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आपल्यासाठी चांगली आहे, कारण इतरत्र किमान वीस गुंठे लागतात आणि कोकणात दहा गुंठ्यांवर भागतं. पण अनुदान मिळतं तीन वर्षांत, ५०, ३० आणि २० टक्के, तेही कलमं जगली तर. खड्डे, माती, कलमं, उन्हाळ्यात पाणी घालायला माणूस, हा खर्च आधी होतो. ज्याचा भाऊ मुंबईहून पैसे पाठवतो त्याची बाग उभी राहते. ज्याला कुणी पाठवत नाही तो शेजाऱ्याच्या बागेत खड्डे खणायला जातो. योजना एकच, वाडी एकच, पण वर्षभराने दोन घरांमधलं अंतर वाढलेलं असतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, परताव्याची जातच तशी आहे.

बंदरावर तर याची तिसरीच तऱ्हा. यांत्रिक नौकेच्या मालकाने डिझेल पूर्ण भावाने भरायचं आणि कराचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत मागायचा. तो वेळेत आला तर ठीक, पण महिनोन्‌महिने थकतो हे किनाऱ्यावरच्या पोरालाही माहीत आहे. तोवर डिझेलला पैसे कोण देतं? मासळीचा व्यापारी. त्याने आगाऊ पैसे दिले की मासळी त्यालाच घालायची आणि तो सांगेल त्या भावाने. म्हणजे सरकारकडून यायच्या पैशाचं व्याज सुरमई-पापलेटच्या भावातून कापलं जातं. जिथे खलाशी वाट्यावर काम करतात तिथे डिझेलचा खर्च वजा करून वाटे कधीच पडून गेलेले असतात. मग सहा महिन्यांनी आलेल्या परताव्यात त्यांचा किती? हा प्रश्न मी दोन-तीन तांडेलांना, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्यांना, विचारला. त्यांनी विषय बदलून पावसाचा काढला.

म्हणून कुणी "सरकारने गरिबांना अमुक हजार दिले" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, आधी दिले की नंतर? रक्कम मी त्यानंतर विचारते. नंतर मिळणाऱ्या ८३० पेक्षा आधी मिळणारे ५०० मला जास्त वाटतात, मग अर्थशास्त्र काही म्हणो.

रोख मदतीतही सगळं आलबेल आहे असं नाही. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन तुमच्या नावावर असायला हवी. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबा, चार चुलते, परळला राहणारे त्यांचे मुलगे, सगळी पलटण. कसणारा एक, नावं अठरा. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला तर काहीच नाही.

शिवाय महिन्याला थोडे की एकदम बरेच, यावरही घर बदलतं. केनियातल्या गावांत हे तपासलेला हाउसहोफर आणि शपिरो यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला मिळणारे पैसे जेवणात गेले, एकरकमी मिळालेले टिकाऊ वस्तूंत. आपल्याकडे वेगळं काही घडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीणचे दोन हप्ते मिळून ३००० एकदम आले, तेव्हा आमच्या वाडीत एकीने पडवीवर पत्रे घातले आणि दुसरीने शेळी घेतली. पुढे महिन्याचे महिन्याला आले ते तेल-साखर, गोळ्या आणि एसटीच्या भाड्यात जिरले. दोन्ही ठीकच. मात्र तारीख पक्की हवी. तारीख कळली की वाणी उधारी देतो, नाही कळली तर देत नाही.

आधार लिंक आणि आधार सीडिंगबद्दल दोनच ओळी, नाहीतर लोक मला रस्त्यात अडवतात. खात्याला आधार जोडलंय म्हणजे केवायसी झाली, एवढंच. सरकारी पैसे जातात ते एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे तिथे. ही नोंद करणं म्हणजे सीडिंग, आणि पैसे जातात ते बहुधा शेवटी सीडिंग केलेल्या बँकेत. जनधन एका बँकेत, बचत गटाचं दुसरीत, पीककर्जाचं जिल्हा बँकेत, अशी तीन पासबुकं असली की पैसे हमखास चौथ्याच ठिकाणी सापडतात.

गेल्या पावसात एक काकी आल्या. "माझा फुकटचा सिलिंडर कधी येणार?" मी सांगितलं, काकी, आधी नंबर लावा, गाडीवाल्याला पूर्ण पैसे द्या, मग खात्यात येतील. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग फुकट कसला गो?" आणि निघून गेल्या. पुढच्या महिन्यात लाडकी बहीणचे १५०० आले त्याच दिवशी त्यांनी सिलिंडर लावला. ३०० मिळाले. ५३० कुठल्या पासबुकात गेले ते आम्ही दोघी अजून शोधतोय.